वृद्धाश्रमातील मलावष्टंभ : आधी नोंद, मग औषध

वार्धक्य हा वाताचा काळ, पक्वाशय हे वाताचे प्रमुख स्थान आणि मलाचे विसर्जन हे अपान वायूचे कर्म, ही तीन सूत्रे आपण विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेली असतात. त्यामुळे वृद्ध रुग्णाने 'पोट साफ होत नाही' असे म्हणताच आपल्या हातून एखादे चूर्ण लिहिले जाते आणि रुग्णही समाधानाने घरी जातो. चिकित्सालयात येणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत हे बहुधा निभावून जाते. तो स्वतः चालत येतो, आपली तक्रार आपल्या तोंडाने सांगतो आणि औषध लागू न पडल्यास पुन्हा येतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्या वृद्धाचे तसे नाही. त्याची तक्रार दुसरे कोणीतरी सांगते, औषध दुसरे कोणीतरी देते आणि शौचास जावयाचे झाले तरी दुसऱ्या कोणाच्या हाताची वाट पाहावी लागते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वृद्धाविषयी आहे.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा, वृद्धाश्रम असण्याची तरतूद आहे. विश्वस्त संस्थांचे व खासगी आश्रम त्याहून वेगळे. यांतील कित्येक ठिकाणी आपल्यापैकी कोणी ना कोणी वैद्य मानद म्हणून जातो आणि तेथे लागणारी चूर्णे, वट्या, तेले आपल्याच औषधी विक्रेत्यांच्या दुकानातून जातात. म्हणून तेथे जे घडते त्याची जबाबदारी आपली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक चूक

एक प्रसंग सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे, म्हणूनच सांगण्यासारखा आहे. मी ज्या वृद्धाश्रमात महिन्यातून दोनदा जातो, तेथील सुमारे ऐंशी वर्षांच्या एका आजींना जुलाब लागल्याचे सेविकेने मला सांगितले. "दिवसातून पाच-सहा वेळा लुगडं खराब होतंय, डॉक्टर," असे तिचे शब्द होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी बहुतेक वेळ खाटेवरच असत. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, पोटावरून वरवर हात फिरवला आणि कुटजघन वटी व भाताची पेज सांगून पुढच्या खोलीत गेलो.

तिसऱ्या दिवशी आश्रमातून दूरध्वनी आला. आजी असंबद्ध बोलत होत्या, रात्रीपासून लघवी झाली नव्हती, पोट फुगले होते. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात हलवावे लागले. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत गुदपरीक्षा केली. मलाशय दगडासारख्या कठीण मलाने ठासून भरलेले होते. त्या गोळ्याच्या कडेने वरचा पातळ मल झिरपत होता आणि त्यालाच आम्ही सारे जुलाब म्हणत होतो. भरलेल्या मलाशयाच्या दाबाने मूत्रप्रवृत्तीही अडली होती. मल काढल्यानंतर व मूत्रनलिका घातल्यानंतर दोन दिवसांत आजी भानावर आल्या. पण त्याआधी आधाराने जी चार पावले त्या टाकत होत्या, ती पुन्हा कधी टाकू शकल्या नाहीत.

डॉक्टरांनी सोबत आलेल्या सेविकेला एकच प्रश्न विचारला होता : आजींना नीट, बांधीव शौचास शेवटचे कधी झाले? तिला उत्तर देता आले नाही. मलाही देता आले नसते. आश्रमात औषधांची वही होती, रक्तदाबाची वही होती, भेटीस येणाऱ्यांचीही वही होती. शौचाची वही नव्हती.

शास्त्राने सांगितलेले, आपण विसरलेले

या चुकीचे खापर शास्त्रावर फोडता येत नाही. मल अडून थोडा थोडा, वेदनेसह बाहेर पडत असेल तर स्तंभन देऊ नये, आधी दोषांना व मलाला वाट करून द्यावी, हे अतिसार चिकित्सेत आचार्यांनी सांगितलेले आहे. योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी व मूत्र यांच्या पाठोपाठ मलपरीक्षा येते. परंतु आज आपल्या केसपेपरवर 'मल : साम / निराम / विबंध' यांपैकी एका शब्दावर खूण केली की मलपरीक्षा संपते. आपण मलाची चौकशी करतो, परीक्षा करीत नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे लुईस व हीटन या संशोधकांनी १९९७ मध्ये मलाच्या स्वरूपाची सात प्रकारांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. सुट्या कठीण खड्यांपासून पूर्ण द्रव मलापर्यंत सात चित्रे. आज पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांत ती सर्रास वापरली जाते. चित्राकडे बोट दाखवून आठवी शिकलेली सेविकाही त्या दिवशीचे स्वरूप अचूक नोंदवू शकते. ज्या परंपरेने मलपरीक्षेला अष्टविध परीक्षेत स्थान दिले, तिच्या वैद्यांनी ही चित्रे परकी मानण्याचे काही कारण नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' हा स्वतंत्र अध्यायच वेगधारणाला दिला आहे. मलाचा वेग धारण केल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान, पोटऱ्यांत गोळे येणे, वात व मल यांचा अवरोध ही लक्षणे होतात असे ते सांगतात. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे लाजेने वा कामाच्या घाईने वेग अडवणारा मनुष्य असतो. वृद्धाश्रमात वेग अडवला जातो तो कोणी उठवायला आले नाही म्हणून.

वहीने काय दाखवले

त्या प्रसंगानंतर आश्रमाच्या व्यवस्थापकांना विनंती करून मी दोनशे पानी एक साधी वही सुरू करविली. तोवर तेथे दररोज रात्री प्रार्थनेनंतर सर्वांना ओळीने एकाच डब्यातील, एकाच चमच्याने, सारखेच चूर्ण दिले जात असे. ज्यांना ते नको असे ते तोंड धुण्याच्या निमित्ताने थुंकून येत. 'दिले' आणि 'घेतले' यांत किती अंतर असते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

काही आठवड्यांच्या नोंदी जमल्यावर जे दिसले ते माझ्या निदानांपेक्षा अधिक बोलके होते. ज्यांना आपण मलावष्टंभाचे रुग्ण समजत होतो त्यांतील काहींना एक दिवसाआड, कष्टाविना, बांधीव मलप्रवृत्ती होत होती. तोच त्यांचा आयुष्यभराचा क्रम होता. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतची प्रवृत्ती, कुंथावे लागत नसेल तर, प्राकृत असू शकते. कोष्ठ मृदू, मध्य व क्रूर असे भिन्न असतात हे आपणच शिकवतो आणि चमचा मात्र सर्वांना सारखा देतो.

एका आजोबांची तक्रार त्यांच्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात सुरू झाली होती. सर्वांत लाजवणारी नोंद एका अर्धांगवाताच्या आजींची होती. त्यांच्या नावापुढील रकाना ज्या ज्या दिवशी कोरा होता, त्या त्या दिवशी सकाळच्या पाळीची एक सेविका रजेवर होती. त्यांना औषधाची नव्हे, हाताची गरज होती. वही नसती तर मी त्यांना गंधर्व हरीतकीची मात्रा वाढवून दिली असती.

वही कशी असावी

वही जितकी साधी तितकी टिकते. प्रत्येक निवासीसाठी महिन्याचे एक पान पुरते. त्यात दिनांक, मलप्रवृत्ती झाली की नाही व किती वेळा, स्वरूप (चित्राचा क्रमांक), कुंथावे लागले का, रक्त दिसले का, आणि त्या दिवशी कोणते सारक औषध प्रत्यक्ष पोटात गेले, एवढे सहा रकाने असावेत. पानाच्या माथ्यावर त्या व्यक्तीचा पूर्वीचा नेहमीचा क्रम व चालू असलेली सर्व औषधे, कोणत्याही पॅथीची असोत, लिहिलेली असावीत. ट्रॅमाडॉल व कोडीन यांसारखी वेदनाशामके, लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके, व्हेरापामिल, ॲमिट्रिप्टिलीन, कंपवातात व मनोविकारांत दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल ही सर्व मल अवरुद्ध करू शकतात. ती परस्पर बंद करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्यांनी ती लिहिली त्यांना वहीचे पान दाखवून पत्र लिहिणे हे आपले कर्तव्य आहे.

नोंद कृतीत उतरली नाही तर ती केवळ कारकुनी होय. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेले आहेत. नेहमीच्या क्रमापेक्षा एक दिवस अधिक गेला तर आहार, पाणी व शौचास बसविण्याची वेळ पाहावी. तीन दिवस रकाना कोरा राहिला तर वैद्यास कळवावे व वैद्याने उदर व गुद यांची परीक्षा करावी. काही दिवस कोरे गेल्यावर एकाएकी पातळ मल झिरपू लागला तर तो अतिसार न समजता मलाशय भरलेले आहे असे गृहीत धरावे व प्रत्यक्ष परीक्षेने खात्री होईपर्यंत स्तंभन देऊ नये. उलटी, पोट ताठ फुगणे, तीव्र शूल, वायूही न सरणे यांपैकी काही असेल तर कोणतेही सारक न देता रुग्णालयात न्यावे. नव्याने जडलेला मलावष्टंभ, रक्त, वजन घटणे वा पांडुता यांची जोड दिसल्यास मोठ्या आतड्याच्या अर्बुदाची शंका घेऊन तपासणीस पाठवावे. एरवी शांत असणारी वृद्ध व्यक्ती अचानक अस्वस्थ वा भ्रमित झाली तर प्रथम वहीतील रकाना पाहावा.

गुदपरीक्षा आपल्या अभ्यासक्रमात शिकविली जाते. व्यवसायात मात्र ती आपल्याला नकोशी वाटते. रुग्णाची संमती घेऊन, पडदा ओढून, स्त्रीरुग्ण असल्यास सेविकेच्या उपस्थितीत ती करण्यास दोन मिनिटे पुरतात. माझ्या दोन मिनिटांच्या आळसाची किंमत आजींनी मोजली.

औषधाचे स्थान

औषधाआधी तीन गोष्टी येतात. पहिली शौचाची वेळ. आहारानंतर मोठ्या आतड्याची गती स्वभावतःच वाढते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर प्रत्येकाला दहा मिनिटे, घाई न करता, दार लावून बसू द्यावे. खुर्चीसारख्या कमोडवर बसणाऱ्याच्या पायांखाली लाकडी पाट द्यावा. गुडघे वर आले की कुंथावे लागत नाही. भिंतीला धरावयास दांडी असावी. दुसरी पाणी. रात्री उठावे लागेल या भीतीने कित्येक वृद्ध दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. दिवसभर थोडे थोडे कोमट पाणी हाताशी ठेवावे. हृद्रोग व वृक्कविकार असलेल्यांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. तिसरी आहार. दात गेलेले, कवळी न बसणारे वृद्ध चहात बुडवलेल्या बिस्किटांवर राहतात. त्यांना मऊ शिजवलेली पालेभाजी, तूप घातलेली मुगाची खिचडी, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका व अंजीर देता येतात.

मग औषध. वृद्ध व दुर्बल यांना तीक्ष्ण शोधन न देता मृदू उपचार करावेत, हे आपल्याला माहीत आहे. त्रिफळा वा एरंडभृष्ट हरीतकी अल्प मात्रेत, वहीकडे पाहत, वाढवीत न्यावी. इसबगोल निरुपद्रवी आहे असा सार्वत्रिक समज आहे. परंतु भरपूर पाण्याविना, गिळण्यास त्रास होणाऱ्यास वा मलाशय आधीच भरलेले असता दिल्यास तेच अवरोध करते. ते अन्य औषधांच्या शोषणातही अडथळा आणू शकते, म्हणून त्यांच्यापासून अंतर ठेवून द्यावे. झोपलेल्या स्थितीत तूप वा एरंडतेल घशाखाली ओतणे तर सर्वथा वर्ज्य. स्नेह श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसाला सूज येते.

मात्राबस्ती ही आपल्या शास्त्राची वृद्धांना मिळालेली देणगी आहे. वाग्भटाचार्यांनी ज्यांना ती नेहमी देता येते त्यांत वृद्धांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. प्रशिक्षित हातांनी, सुमारे ६० मिलिलिटर कोमट स्नेहाची मात्राबस्ती आश्रमातही सुरक्षितपणे देता येते. मात्र गुदगत रक्तस्राव, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा आंत्रावरोधाची शंका असता ती देऊ नये. कठीण मलाने मलाशय भरलेले असता वरून सारक देत राहण्यापेक्षा आधी खालचा मार्ग मोकळा करावा. त्यास बस्ती, वर्ती व प्रसंगी रुग्णालयाचे साहाय्य हाच क्रम योग्य.

औषधी विक्रेत्यांस

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीसाठी कायद्याने वेगळा परवाना लागत नाही. ही सवलत आहे, तशीच ती नैतिक जबाबदारीही आहे. आश्रमाकडून महिन्याला चूर्णाच्या मोठ्या डब्याची मागणी येते. ती पुरविण्यापूर्वी हे कोणासाठी, कोणत्या वैद्याच्या सल्ल्याने व आणखी कोणती औषधे चालू असताना घेतले जाणार आहे, एवढे तरी विचारावे.

हे प्रश्न का, ते चूर्णांचे घटक पाहिले की कळते. पंचसकार चूर्णात सोनामुखीबरोबर सैंधव आहे. लवणभास्करात तर लवणांचेच प्राबल्य आहे. रक्तदाब व हृद्रोग असलेल्यांना ते रोज देणे अयोग्य. स्वादिष्ट विरेचन चूर्णात साखर असते आणि आश्रमात मधुमेही असतातच. सोनामुखीच्या दीर्घकाळ व अतिमात्रेच्या सेवनाने शरीरातील पोटॅशियम घटू शकते. मूत्रल औषधे व डिगॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्याला ते घातक ठरते. इच्छाभेदी, नाराच, अश्वकंचुकी यांत जयपाल आहे. जयपाल व दंती ही औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीतील विषद्रव्ये आहेत आणि ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. असे कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून वृद्धाश्रमास देऊच नयेत. एका डब्याची विक्री बुडेल हे मान्य; पण त्या आश्रमाचा विश्वास दुकानाला अधिक काळ पुरेल.

आक्षेप

सेवकवर्ग अपुरा आहे, वही कोण लिहिणार, असा आक्षेप येतो. माझा अनुभव असा की वही लिहिण्यास जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ खराब झालेली पांघरुणे धुण्यात जात होता. दुसरा आक्षेप लज्जेचा आहे. कोणाला शौचास झाले, कोणाला नाही, हे लिहून ठेवणे वृद्धांचा अपमान नव्हे काय? वही चारचौघांत मोठ्याने वाचली तर अपमान आहेच. ती व्यवस्थापकांच्या कपाटात राहावी, विचारणा खोलीत व हळू आवाजात व्हावी आणि ज्याला स्वतः लिहिता येते त्याच्या हाती पेन्सिल द्यावी. आमच्या आश्रमातील एक निवृत्त शिक्षक आपले पान स्वतः लिहितात व महिन्याच्या शेवटी मला तपासावयास देतात. तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. नाडीवरून कोष्ठ कळत असता वहीची गरज काय? ज्यांना तसे कळते त्यांच्याविषयी मला आदर आहे. मला त्या दिवशी कळले नाही.

विनंती

संघटनेच्या कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, चित्रांसह अशा नोंदपानाचा एक मराठी नमुना या त्रैमासिकाच्या पुढील अंकात, छायाप्रती काढता येतील अशा रीतीने, प्रसिद्ध करावा. प्रत्येक सभासद वैद्याने आपल्या परिसरातील एका वृद्धाश्रमात ती वही सुरू करून द्यावी व सेविकांना एक दुपार देऊन ती कशी लिहावी हे शिकवावे. औषधी विक्रेत्या सभासदांनी त्या वह्यांच्या छपाईचा भार उचलावा. तो फार नाही. वर्षभराने आपण सर्वांनी आपापल्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर कोणता कल्प, कोणत्या मात्रेत, कोणाला उपयोगी पडला हे आपल्याजवळच्याच पुराव्याने सांगता येईल.

त्या आजी आता हयात नाहीत. त्यांच्या खाटेवर आता दुसऱ्या आजी आहेत. मागच्या भेटीत मी खोलीत शिरण्यापूर्वी सेविकेने वही आणून माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "डॉक्टर, आजींचे दोन दिवस कोरे आहेत, आज बघूनच घ्या." मी पाहिले. त्या दिवशी औषध द्यावे लागले नाही. खाटेजवळचा तांब्या रिकामा होता, तो भरून ठेवायला सांगितले.